गोड्या पाण्याला वाहिलेला नारळ

अहो, असे भिंतीला टेकून लांब का बसलात? पुढे सरका. टाळ बाजूला ठेवा, चहा निवला तर निवू द्या. आज तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. काचेची एक टाकी आहे, तिच्यात बोटभर लांबीचे मासे आहेत, आणि एक सून आहे, जिचं मन ऐन वेळी डगमगलं नाही. ऐकून उठाल तेव्हा छातीत हलकं वाटेल, हा शब्द माझा.

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला बाबल्या तांडेलाचं घर. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. बाबल्यानं सारा जन्म दर्यावर काढला, पण गेल्या हंगामात दोरात पाय सापडला आणि तांडेल घरी बसला. बोट मुलानं, दीपकनं, हाती घेतली. बायको गुणवंती बंदरावर मासे विकते. तिची हाक खाडीपलीकडे ऐकू जाते म्हणतात, आणि तिला त्याचा अभिमान आहे.

ह्या घरात सून आली ती लांज्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शमिका. खाऱ्या पाण्याशी तिचं काही जमेना. पण गोडं पाणी, चिखल आणि रोप म्हटलं की तिची बोटं शिवशिवायची.

एक दिवस मोबाईलवर तिनं पाहिलं, लोक काचेच्या टाकीत पाण्याखाली बागा फुलवतात. त्या बागेतलं लालसर देठाचं एक झाड बघून ती खदखदून हसली. "अगो बाई! हे तर आमच्या खाचरातलं तण! बेणणीला आई उपटून बांधावर फेकते, आणि इथे लोक पैसे देऊन घेतात!"

झालं. माहेरून तण आलं, पऱ्यातली, म्हणजे ओढ्यातली, लांब पानांची रोपं आली. तळाला तिनं जांभ्याची माती चाळून, धुऊन पसरली, कारण मुळांना त्यातलं लोह लागतं. वर नदीची रेती. दीपक म्हणाला, "दारात एवढी पुळण पडलीय, ती घे की." ती म्हणाली, "तुमच्या वाळूत शिंपल्यांचा चुना. पाणी जड होतं, माझी रोपं रुसतील." मग भाताची लावणी करतात तशी तीन बोटांच्या चिमटीत धरून एकेक रोप रोवलं. महिनाभर टाकीत नुसती झाडं. पाणी मुरलं, तेव्हाच मासे सोडले: थोडे गप्पी, थोडे पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा.

गुणवंती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "कोळ्याच्या घरात मासे पाळायचे! आणि एवढ्याशांचं तिखलं केलं तर मांजर पण रुसेल गो!"

बाबल्या मात्र त्या टाकीसमोरून हलेना. सकाळचं भजन तिथेच, चहा तिथेच. दर्या घरी आला, म्हणायचा.

श्रावणात एक निरोप आला. पावस गावच्या सानिका डॉक्टर, लहान मुलांच्या. त्यांच्या दवाखान्यात मुलं बसतात तिथे अशी टाकी त्यांना हवी होती. "रविवारी येऊन तुमची बघते, मग ठरवू," त्या म्हणाल्या. शमिकाला मिळू शकणारं हे पहिलं काम. हे साधलं तर दुसरी दारं उघडणार होती, आणि सून म्हणून आलेली बाई आपल्या हुन्नरानं ओळखली जाणार होती. "काम आपलंच आहे," तिनं सगळ्यांना सांगून टाकलं.

त्याच शुक्रवारी नारळी पौर्णिमा. राखी बांधायला शमिका माहेरी गेली. घरची बाकी मंडळी नारळ घेऊन बंदरावर गेली. बाबल्याला त्या पायानं, त्या पावसात, शेवाळलेल्या दगडांवर कोण नेणार? तो घरी राहिला. आता तांडेल माणूस, पौर्णिमेला पाण्याला नारळ दिल्याशिवाय घास कसा गिळेल? त्यानं टाकीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडून त्याचं पाणी टाकीत सोडलं. वर नैवेद्य म्हणून नारळीभात. भक्ती अशी निर्मळ, की त्यात खोट काढायला देवालाही जागा नव्हती. पण पाण्याला ती सोसवली पाहिजे ना!

शनिवारी सकाळच्या एसटीनं शमिका परतली. पाहते तो टाकीत दूध ओतल्यासारखं पाणी. मासे वर येऊन तोंडं उघडतायत. दोन गप्पी आडवे पडलेले. त्यातच पावसानं वीज गेलेली, हवेचा पंप बंद.

बाबल्या खाली मान घालून बसला होता. "बाय, माझ्या हातून पाप झाला. पाणी ते पाणी, म्हटलं. चार शितं नि नारळाचं पाणी..."

"चार शितं?" गुणवंती कडाडली. "वाटी रिकामी केलीत!"

शमिका आधी टाकीकडेच वळली होती. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून ती खाली बसली. "आबा, दर्याचं पोट केवढं! त्याला हजार नारळ पचतात. हिचं पोट वाटीएवढं. गोड जास्त झालं, अजीर्ण झालं, इतकंच. उठा, मला तुमचे हात हवेत."

गुणवंतीनं पदर खोचला. "उपसून टाक सगळा. माती धुवून काढू, काच घासू. उद्या बाईंना लखलखीत दिसली पाहिजे."

खरं सांगतो, क्षणभर शमिकालाही मोह झाला. नवं पाणी, चकचकीत काच, डॉक्टर खूश. पण ती ठाम म्हणाली, "नाही आई. त्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव राबतात, तेच घाण खाऊन टाकतात. त्यांना धुतलं तर टाकी उद्या दिसेल छान, आणि परवा उरलेले मासेही जातील. गढूळ दिसली तर दिसू दे."

"आणि काम गेला तर?"

"तर जाईल. मासे राहतील."

मग तिनं नळीनं भाताची शितं ओढून घेतली, निम्मं पाणी काढलं. नळाचं पाणी नको, पावसाळ्यात त्यात औषध फार. अंगणात पिंपभर विहिरीचं पाणी मुरत ठेवलेलं होतं, ते हळूहळू घातलं. "आता ह्यांना श्वास हवा. पाणी उंचावरून पडलं पाहिजे, सतत."

बाबल्या ताठ बसला. श्रावणात पाण्याची धार धरायची? ते त्याला शिकवावं लागणार होतं होय! त्यानं देव्हाऱ्यातला तांब्या उचलला.

"तांब्याचं भांडं नको आबा! तांबं बाधतं त्यांना. स्टीलचा पेला घ्या."

"देवाला चालतं ते ह्यांना चालत नाय," गुणवंती पुटपुटली, पण पेला तिनंच आणून दिला. पायाखाली पाट सरकवला, तोही तिनंच.

बाबल्यानं धार धरली. टाकीतलंच पाणी पेल्यात घ्यायचं, हात उंच करायचा, सोडायचं. ओठांवर नाम, हाताला ताल. दमला की गुणवंती, ती दमली की शमिका. दुपार कलली तसे झेब्रा वरून खाली उतरले आणि झाडांत शिरले. गुणवंतीनं आधी पाहिलं. "गेले गो घरात!" ती अशी ओरडली, की शेजारी धावत आले.

रविवारी डॉक्टर आल्या. पाणी अजून तांदळाच्या धुवणासारखं. गुणवंतीनं सुनेच्या कानात सांगून ठेवलं होतं, "औषध घातलंय म्हण." डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "पाणी गढूळ का?"

"परवा हिला नारळीभात खायला घातला," शमिका म्हणाली, आणि सगळं सांगितलं. गेलेले दोन मासेही. "धुवून चकचकीत करता आली असती. पण मग ही जगली नसती. बुधवारपर्यंत झाडं पाणी स्वच्छ करतील. तेव्हा या, बघा."

"चूक माझी," बाबल्या मधेच म्हणाला. "पोरीची नाय."

डॉक्टर हसायलाच लागल्या. "आबा, माझ्याकडची मुलं रोज बिस्किटं टाकतील. एखादं दूध ओतेल. सुंदर टाकी मला कुठेही मिळेल. बिघडली तर सावरेल, आणि का बिघडली ते खरं सांगेल, असं माणूस मला हवंय. कधी लावता?"

"बुधवारी माती घेऊन येते," शमिका म्हणाली, जणू हे कधीच ठरलं होतं.

"आणि पाणी बदलायला दर आठवड्याला मी," बाबल्या म्हणाला. "बसून करायचं काम आहे. जमतं मला."

आज शमिकानं लावलेली टाकी पावसच्या त्या दवाखान्यात आहे. पोरं रडत येतात आणि काचेला नाक लावून गप्प होतात. तेव्हा मंडळी, मागणं एकच. कधी कुठल्या दवाखान्यात जीव टांगून बसला असाल, आणि समोर हिरव्या पानांतून एखादा मासा सळकन निघून गेला, तर लांज्याच्या त्या मुलीची आठवण काढा. शमिका तिचं नाव. मनातल्या मनात घेतलंत तरी पोचेल.