उभ्या गाडीतले धडे

दिवा पिवळाच आहे… लाल नाही. स्टेअरिंगचं एवढंसं चित्र, शेजारी उद्गारचिन्ह — जणू गाडीच म्हणतेय, "अगं बाई!" — असं तिला गॅरेजच्या दारात वाटलं, आणि इतक्या धास्तावलेल्या मनाला हसू फुटावं याचंच तिला नवल वाटलं.

घरातल्या सात माणसांची ही गाडी. तिला लायसन्स मिळून जेमतेम महिना झालेला. आज फाटकातून बाहेर पडतानाच दिवा लागला, स्टेअरिंगचं चाक जड झालं, आणि शेजारी बसलेले सासरे — तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, एरवी तोंडाचा पट्टा सुरू — चक्क गप्प झाले. तिने अख्खं अंग घालून वळणं घेतली, गाडी कशीबशी इथवर आणली. आपणच मोडलं हे! तसं असेल तर किल्ली नवऱ्याच्या हातात द्यायची आणि पुन्हा मागायची नाही, हे तिने वाटेतच ठरवून टाकलं होतं… पण मला किती आवडतं हे! मागे मुलांचा कलकलाट, आणि एवढं मोठं धूड माझ्या म्हणण्यानं वळतंय — अठरा वर्षांच्या संसारात माझ्या म्हणण्यानं दुसरं काय वळलं होतं?

मेकॅनिकने यंत्र जोडून पाहिलं. "काही मोडलेलं नाही. चाक वळवायला मदत करते ती मोटर तापलीय. थंड झाली की दिवा जाईल. पिवळा म्हणजे मदत बंद, गाडी चालते, नुसता जोर लागतो. पण काय हो, उभ्या गाडीत चाक गरागरा फिरवतं का कोणी?"

फिरवतं का? रोज सकाळी, अर्धा तास! "आधी हात बसू दे, सूनबाई" — या टोकापासून त्या टोकापर्यंत, शंभर वेळा. सासऱ्यांच्या उस्तादाने त्यांना असंच शिकवलं होतं, मोटर-बिटर काही नसलेल्या बसमध्ये. आता हे परक्यासमोर कसं सांगायचं… मुलं चाकाशी खेळतात म्हणावं झालं. तिने तोंड उघडलं.

"मी फिरवायला लावतो हिला," सासरे म्हणाले. "माझी अक्कल जुन्या गाडीची. हिची काही चूक नाही. उलट जड चाकाने इथवर आणली पोरीने, कुठे घासली नाही."

तिच्या मनात आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटल्या.

तासाभराने दिवा गेला. निघताना सासरे पुढचं दार सोडून मागे जाऊन बसले. रागावले? ओशाळले? दोन रस्ते गेल्यावर तिने आरशात पाहिलं — डोळे मिटलेले, मान कलंडलेली. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत यांनी जन्मात डोळा मिटला नाही, असं सासूबाई शपथेवर सांगतात. खरी झोप की सोंग, कोण जाणे… तिने वेग हलकेच कमी केला. घराचा रस्ता आला, आणि तिला मुळीच वळावंसं वाटेना.