झाकणभर औषध

स्वयंपाकघर. साधी फरशी. गरम पाणी, झाकणभर औषध, आणि कोपऱ्यापासून दाराकडे उलट्या पावली पुसत यायचं.

औषध म्हणजे फरशीचं. या घरात खोकल्याचंही औषधच आणि फरशीचंही औषधच. सातव्या महिन्यात मोठा कॅन उचलवेना, म्हणून सुनेने त्यातलं थोडं खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलं. मापाला झाकणही आयतंच. स्वतःच्या हुशारीवर ती भलतीच खूष होती.

बैठक. संगमरवर. इथे औषध नाही, नुसतं पाणी. दगडाची चकाकी जाते.

न्हाणीघर. खरखरीत लादी. इथे झाकणभर हवंच. तिने हात मागे नेला.

बाटली नव्हती.

समोर सासऱ्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. आप्पा पलंगावर आडवे, तोंड वासलेलं. उशाच्या स्टुलावर बाटली. झाकण उघडं.

ओला संगमरवर. ती धावली, घसरली, दाराची चौकट धरून सावरली.

"आप्पा."

तिने खांदा हलवला.

"अहो आप्पा."

एक डोळा उघडला. "काय गं, मेलो की काय ते बघायला आलीस?"

"त्या बाटलीतलं औषध घेतलंत?"

"घेतलं की. झाकणभर. तू घेतेस तेवढंच."

 पोटातल्या बाळाने लाथ मारली. उलटी करवायची? नाही, करवू नका असं कॅनवर लिहिलंय. फोन? ओट्यावर. ओल्या संगमरवराच्या पलीकडे.

"तोंड उघडा. आ करा."

तिने वास घेतला. लिंबाचा नव्हता. की होता? सगळ्या घरालाच लिंबाचा वास होता.

"घसा जळजळतोय?"

"कान जळजळतायत, तुझ्या ओरडण्याने."

"आप्पा, थट्टा नको, हात जोडते. कशात घेतलंत?"

"कशात म्हणजे? माझ्या तांब्यात." ते भिंतीकडे वळले. "पलंगाखाली तुला वाकवत नाही हल्ली. म्हटलं, तेवढं तरी आपण पुसावं. आता बोलू नकोस."

पलंगाची कड धरून ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर कलंडली. या खोलीत जमीन लाकडाची. लाकडाला पाणी म्हणजे वैरी. फडकं दोनदा पिळल्याशिवाय ती टेकवत नसे, आणि एक थेंब सांडला तर नवऱ्यालाही सोडत नसे.

पलंगाखाली तळं झालं होतं. त्यात आप्पांचा जुना बनियन पसरलेला. लिंबाचा वास भपकन नाकात शिरला.

तिने तळवा त्या पाण्यात टेकवला आणि तसाच ठेवला.

"केवढं हे पाणी," ती म्हणाली.

"पिळायचं राहिलं," वरून आप्पा ओशाळून म्हणाले.

"राहू दे."

पाणी फळ्यांच्या फटींत उतरत होतं. तिने फडक्याला हात लावला नाही. कशीबशी उठली, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली पदरात गुंडाळली आणि आप्पांच्या तोंडाशी वाकली.

"पुन्हा एकदा आ करा."