सहा शनिवार बंद सौना

डाव्या स्तनात गाठ लागली ती एका गुरुवारी, अंघोळ करताना. वाटाण्याएवढी आणि टणक. खरं सांगते, पहिला विचार मरणाचा आला नाही, शनिवारचा आला.

शनिवारी धाकटी बहीण रायली येणार होती. चाळीस वर्षं येतेय, दर शनिवारी. तळ्याकाठी आमच्या वडिलांनी बांधलेला सौना आहे. चार वाजता मी चूल पेटवायची आणि सहाला आम्ही दोघी अंगावर सूतही न ठेवता वरच्या फळीवर बसायचं. तापल्या दगडांवर पाणी टाकायचं, बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकींची पाठ झोडपायची. तिचं बाळंतपणानंतरचं पोट, माझ्या अपेंडिक्सचे टाके, सगळं आम्ही त्या वाफेतच पाहिलं. आम्ही फिनलंडची माणसं तोंडाने फारसं सांगत नाही. सौनात बघून काय ते कळतं.

आणि रायलीची नजर घारीची. माझ्या पाठीवर नवा तीळ आला तरी बाईंची चौकशी सुरू. आमची आई ह्याच दुखण्याने गेली. रायली तेव्हा चौदाची होती, शेवटपर्यंत आईच्या जखमेची पट्टी तीच बदलायची. तेच पुन्हा तिच्यापुढे उघडं करायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून फोन करून ठोकून दिलं, की धुराडं फुटलंय, गवंडी मिळेपर्यंत सौना बंद.

"बरं," रायली म्हणाली.

एवढंच. एरवी अर्धा तास उशीर झाला तरी कुरकुर करून कान किटवणारी बाई. मला वाटलं, चला, सुटले.

मग दोन आठवडे मी गाठीवर बोट ठेवून नुसती बसले. आपोआप विरघळेल म्हणे! गाढवपणा, दुसरं काय. शेवटी आरोग्यकेंद्रात गेले. डॉक्टरने दोन्ही बाजू चाचपल्या, काखेत बोटं घातली आणि माझ्याकडे न बघता शहरातल्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. तिथे यंत्राच्या दोन पट्ट्यांत स्तन दाबून फोटो काढले. मग सोनोग्राफी. पडद्यावर काळा डाग दिसला आणि तिथली डॉक्टरीण बोलायची थांबली. मी विचारलं, काय दिसतंय. ती म्हणाली, सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. सुई आत खटकन वाजली, तीनदा. निकाल फोनवर कळवू, दहा-बारा दिवस लागतील, म्हणाल्या.

ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. फोन एप्रनच्या खिशात. कणीक मळताना वाजला की पिठाच्या हातानेच उचलायचा, तर समोर विजेची कंपनी. रायलीशी अधूनमधून बोलणं व्हायचं, हवेचं, बटाट्यांचं. धुराड्याचं काय झालं हे तिने एकदाही विचारलं नाही, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

सातव्या शुक्रवारी दुपारी फोन आला. डॉक्टरीणबाईंनी आधी जन्मतारीख विचारली. तेवढ्यात मी एकदा मरून आले. मग म्हणाल्या, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. जीव भांड्यात पडला. तिथेच स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले आणि वेलदोड्याचे दोन पाव खाल्ले.

लगेच रायलीला फोन लावला. म्हटलं, धुराडं झालं, उद्या ये.

"मला सर्दी झालीये. पुढच्या शनिवारी बघू."

माझं डोकं फिरलं. सर्दी सौनात पळते, हे जन्मभर तीच सांगत आलेली. मग मी सगळं ओकले. धुराडं फुटलंच नव्हतं, गाठ होती, तुला दिसू नये म्हणून बंद ठेवला, आज कळलं, साधी निघाली. मला वाटलं, आता रागावेल.

"इर्मेली," ती म्हणाली, "तू बंद म्हणालीस ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. मलाही लागली होती. त्याच आठवड्यात. तुला दिसली असती तर तू मला ओढत नेलं असतंस."

"डॉक्टरला दाखवलीस?"

"नाही."

मी गाडी काढली. रायली दारातच उभी होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. दाखव, म्हटलं. ती मान हलवून म्हणाली, "इथे नको. सौनात."

तिला घेऊन आले. चूल पेटवली. दगड तापायला दोन तास लागतात. ते दोन तास आम्ही पायरीवर बसून होतो. मग आत गेलो. तिने टॉवेल सोडला. उजव्या बाजूची कातडी आत ओढली गेली होती, मुठीएवढ्या जागेत. हात लावायचीही गरज नव्हती. आईची अशीच होती. मी दगडांवर पाणी टाकलं, आणि वाफ आली तेव्हा रायली माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

सोमवारी आठला आरोग्यकेंद्राचं दार उघडलं, तेव्हा आम्ही दोघी बाहेर उभ्याच होतो. नर्सने विचारलं, कोणाला दाखवायचंय.

"हिला," मी म्हणाले. "साडेसहा आठवडे झाले. त्यातले सहा शनिवार माझे आहेत."