दोनशे नळ्यांना ऊन

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत प्रणिता सात महिने एका प्रोटीनच्या मागे लागली होती. कटला माशाच्या वाढीच्या हार्मोनचं जनुक तिने जीवाणूंच्या पोटात घातलं, जीवाणू वाढवले, फोडले, त्यांच्यातून ते प्रोटीन शुद्ध करून घेतलं आणि दोनशे बारक्या नळ्यांत थोडं थोडं वाटून मायनस ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. एकाच बाटलीत ठेवलं तर दर वेळी सगळंच वितळवून पुन्हा गोठवावं लागतं, आणि हे प्रोटीन जावयापेक्षा मानी. एकदा बिनसलं की बिनसलं.

दसरा झाला की त्या नळ्या हैदराबादच्या एका संशोधन संस्थेकडे जायच्या होत्या. तिथे पसंत पडल्या तर प्रणिता कंपनीत कायम, नाहीतर डिसेंबरअखेर करार संपला की परत पेण. बापाने जन्मभर मिठागरात पाय भाजून घेतलेले. घरात नोकरी अशी पहिल्यांदा तिच्याच रूपाने आली होती.

तिने काळजी घेतली नाही असं कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. वीज गेली तर जनरेटर, जनरेटर रुसला तर बॅटरी. सगळ्या संकटांचा बंदोबस्त झाला होता. भक्तीचा तेवढा राहिला.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा. ती हैबतरावांकडे. हैबतराव जवळच्या खांब गावचे, घरी भातशेती आणि भातामागे वाल. कंपनीत सत्तावीस वर्षं यंत्रांची देखभाल, आणि मार्चमध्ये निवृत्ती. त्या दिवशी प्रत्येक यंत्र बंद करून, पुसून, हळदकुंकू लावून त्याला विश्रांती द्यायची, हा त्यांचा नेम. प्रणिता दोन दिवस घरी गेली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली तर फ्रीझर नवरदेवासारखा सजलेला. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार, आणि आत बर्फाचा कण नाही. काटा मायनस ऐंशीवर. नळ्या ओळीने उभ्या. तिने एक हातात धरून वितळवली. पाण्यासारखं नितळ असायला हवं होतं ते पेजेसारखं गढूळ झालं होतं. मग दुसरी, मग दहावी.

"काका, फ्रीझर बंद केलावतात?"

"व्हय तर! वरीसभर डोळा मिटला नाय बिचाऱ्यानं," हैबतराव कौतुकाने म्हणाले. "आन् आत केवढा ओलावा गो बाय! साठवणीची वस्तू अशी ओली ठेवत्यात? आम्ही वाल भरताना आधी चांगलं ऊन दाखवतो, मग वरीसभर किडा लागत नाय. तुझ्या नळ्या गच्चीवर चादरीवर पसरल्या, दुपारभर खडखडीत केल्या, आन् होत्या तशा लावल्या. एक फुटली नाय."

एकही फुटली नव्हती, हे खरं होतं.

"त्यात काय आहे ते तरी विचारायचंत!"

"इचारलं हुतं की श्रावणात. तू म्हणालीस, काका, तुम्हाला नाय कळायचं."

प्रणिताला ते आठवलं, आणि संतापाने तापलेला चेहरा शरमेने तापला. रागवायला माणूस समोर होता, पण रागवायची सोय उरली नव्हती.

प्रयोगशाळेचे प्रमुख सुजय सर यांची सगळी श्रद्धा कागदावर. त्यांनी नुकसानीचा छापील फॉर्म पुढे केला. "कारण लिहा आणि जबाबदार व्यक्ती. रकान्यात एकच नाव मावतं."

हैबतरावांचं नाव लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. सत्तावीस वर्षांवर पाणी पडून ते मार्चच्या आधीच घरी गेले असते आणि ती कदाचित वाचली असती. तिने दोनदा पेन टेकवलं. मग कारणाच्या जागी लिहिलं, 'फ्रीझर हाताळणाऱ्यास माहिती दिली नाही', आणि रकान्यात स्वतःचं नाव घातलं.

"असा प्रामाणिकपणा दुर्मीळ झालाय हो," सुजय सर गहिवरले. त्याच गहिवरात त्यांनी तिचा करार न वाढवण्याच्या कागदावर सही केली.

उरलेल्या दिवसांत प्रणिताने एक काम मन लावून केलं. हैबतरावांना सगळं शिकवलं: ही नळी काय, थंडी कशाला, दार किती वेळ उघडायचं. त्यांना आठवड्यात कळलं.

"म्हंजे वालाच्या पार उलटं. मग माझ्या हातनं वाया गेलं का गो?"

"पुन्हा बनवता येतं, काका," ती म्हणाली. येतंच. फक्त दुसऱ्या कुणीतरी बनवायचं होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी फळ्यावर एक कागद लागला. फ्रीझरची पूर्ण माहिती असलेला कंपनीत आता एकच माणूस उरत असल्याने हैबतरावांना निवृत्तीनंतर दोन वर्षं मुदतवाढ देण्यात येत होती.

हैबतराव पेढे घेऊन धावत आले. पहिला पेढा तिच्याच हातावर. त्यांचे डोळे भरले होते. तिला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्या माणसावर माया किती आणि राग किती, हे काही केल्या तिला ठरवता येईना.

"तुझ्यामुळं झालं गो बाय हे. आन् तुझं कायमचं पत्र? ते कधी येतंय?"

पेढा तोंडात होता, म्हणून जरा वेळ मिळाला.

"पोस्टात हाय, काका," प्रणिता म्हणाली.