पितळेचा सांधा

मी शिलाई मशीन बोलतेय. सुई, दाते आणि आतले दांडे पोलादाचे. बाकी सगळी मी बिडाची. लोक दोन्हींना लोखंडच म्हणतात. आम्ही मनाला लावून घेत नाही.

खरा फरक कार्बनचा. पोलादात तो शंभर किलोला जेमतेम किलोभर, गेटाच्या पोलादात तर पावच किलो, आणि तोही लोखंडात मिसळून गेलेला. माझ्यात साडेतीन किलोच्या आसपास, आणि बराचसा शिसपेन्सिलीच्या शिशासारखा, बारीक पापुद्र्यांनी अंगभर पसरलेला. म्हणून मी सगळी थरथर पोटात घालते. पण पडले की त्याच पापुद्र्यांच्या वाटेने तडकते. पोलाद वाकतं. मला वाकता येत नाही. स्वभाव म्हणा.

माझी मालकीण माझ्यावर शाळेचे गणवेश शिवते. तिचा नवरा गेटं आणि खिडक्यांचे गज वेल्डिंग करतो. गेल्या महिन्यात झाडायला म्हणून त्याने टेबल एका बाजूने उचललं आणि मी फरशीवर आले. हात मोडला, म्हणजे सुईवर ओणवा असतो तो वरचा भाग.

"अहो, शाळा सोमवारी उघडतेय!" ती कापून ठेवलेल्या गणवेशांकडे बघत रडायला लागली.

"रडतेस काय? जन्मभर लोखंडच जोडतोय मी."

जोडलं. गेटाला वापरतो तीच वेल्डिंगची कांडी वापरली आणि लवकर थंड व्हावं म्हणून वर तांब्याभर पाणी ओतलं. गेट हे सहन करतं. माझ्यात मात्र तापून विरघळलेले पापुद्रे पुन्हा जमायला सवडच मिळाली नाही. सांध्याकडेचं बीड काचेसारखं झालं आणि टण्णकन तडकलं.

"मशीनमध्येच दोष आहे," तो म्हणाला. मी ऐकून घेतलं.

मालकिणीचा धाकटा भाऊ ओतशाळेत बीडच ओततो. पण त्याला विचारणं नवऱ्याच्या अगदी जिवावर आलं. 'माणूस फार घाईचा आहे' म्हणून लग्नाआधी या भावानेच नाक मुरडलं होतं. तरी बायकोचे कापून ठेवलेले गणवेश बघवेनात, तेव्हा त्याने फोन लावला.

टोमणा आला नाही. "दाजी, कांडी पितळेची घ्या. दांडे काढून हात आधी सगळा हळूहळू तापवा, जोडा आणि राखेत पुरा. आपोआप निवेपर्यंत त्याला हात लावू नका."

त्याने तसंच केलं आणि राखेच्या ढिगाशेजारी बसून राहिला.

"बघायचं का?" बायकोने विचारलं.

"अजून गरम आहे. घाई नको."

त्याच्या तोंडी हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. तिनेही. ती त्याच्याशेजारी बसली.

गणवेश वेळेत गेले. माझ्या हातावर आता पिवळी रेघ आहे. ती झाकायला त्याने काळा रंग आणला होता. तिने डबा बाजूला ठेवला. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलंच, "हे कुणी जोडलं हो?"

"ह्यांनी," ती म्हणाली.

तो दारातच होता. कान लाल झाले त्याचे.

भावाला केलेल्या फोनचं तिने कुणाला सांगितलेलं नाही. मी फक्त तुम्हाला सांगितलं. कुठे बोलू नका.