घाटातली उघडी गाडी

कोल्हापुरात सर्वेशच्या उजव्या हाताची दोन बोटं टपाच्या कांबीत सापडली नसती, तर त्या दिवशी दीपिका गाडी चालवायला बसलीच नसती.

गाडी लढाईच्या आधीची, १९३८ सालची. चार दारं, लांबलचक बोनेट आणि लोखंडी कांबींवर ताणलेला कापडी टप. तो मागे दुमडला की सगळी गाडी उघडी. देवगडच्या एका आंब्याच्या बागेत, पेट्या ठेवायच्या शेडमध्ये ती सर्वेशला सापडली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. कसालला हायवेवर सर्वेशचं गॅरेज होतं. दिवसभर लोकांच्या गाड्या आणि संध्याकाळी ही, असं करत त्याने ती काही वर्षांत उभी केली. त्याची बायको दीपिका शिवणकाम करायची. सीटची कव्हरं तिनेच शिवली आणि टपाचं जाड कॅनव्हासही, मशीनच्या कितीतरी सुया मोडून. रंग गडद हिरवा होता. सर्वेशने तो एवढा घासला होता की दारात माणसाचा चेहरा दिसायचा.

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा मेळा होता. सर्वेशची आई यशोदा अंबाबाईच्या दर्शनासाठी म्हणून बरोबर आली होती. मेळ्यात लोकांनी टप उघडून दाखवायचा आग्रह धरला आणि त्या घाईत सर्वेशची बोटं सापडली. कांब वाकली ती वाकलीच. टप मागे दुमडला तो पुन्हा वर येईना. डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातलं.

"आता तूच चालव," सर्वेश म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात माका देवची नाय."

दीपिकाला भीती वाटली नाही. गॅरेजची पिकअप ती रोज चालवायची आणि ही गाडीही तिने कुडाळपर्यंत नेऊन आणली होती. ऑक्टोबरची दुपार होती. आजऱ्यापर्यंत रस्त्यावरची पोरं हात हलवत होती आणि मागे बसलेली यशोदा पदर डोक्यावर घट्ट धरून त्यांना हात करत होती.

आंबोलीत धुकं लागलं.

घाटाच्या तोंडाशी सर्वेश म्हणाला, "सेकंडातच ठेव. ब्रेकवर पाय ठेवून बसा नको. मधी मधी सोड."

पण पुढे साखरेच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक होता. तो पावलापावलाने उतरत होता आणि त्याच्यामागे ब्रेक सोडायला वावच मिळेना. धुकं उघड्या गाडीत शिरत होतं. दीपिकाच्या पापण्या ओल्या झाल्या. काहीतरी जळल्यासारखा वास येऊ लागला.

"ट्रकाचो वास तो," सर्वेश म्हणाला.

दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. जिथे नेहमी काहीतरी टेकायचं, तिथे काहीच नव्हतं. तिने पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "ब्रेक लागना नाय."

"काय?"

"पायाखाली कायच नाय."

सर्वेशने तिच्या पायाकडे पाहिलं. ट्रकची मागची फळी जवळ येत होती, तिच्यावर रंगवलेली कमळाची फुलं आता स्पष्ट दिसत होती. दोघांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा होता. सर्वेशने अंग पिळून डाव्या हाताने तो ओढला. गाडी जराशी अडखळली, मागून करकर आवाज आला आणि दांडा एकदम सैल पडला. तार तुटली होती.

ट्रकवर आदळायचं, नाहीतर त्याच्या उजवीकडून धुक्यात शिरायचं. समोरून कोण येतंय ते दिसत नव्हतं. तिने हॉर्नवर तळवा दाबून धरला आणि स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. ट्रकचं ओलं चाक तिच्या कानाशी घरघरत मागे गेलं. समोर कोणी नव्हतं. ती पुन्हा डावीकडे आली.

तिला आईंची आठवण झाली. या गाडीला सीटचे पट्टे नव्हते. वर टप नव्हता. एक जोराचा धक्का, आणि मागे बसलेलं माणूस दरीत. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. मागून काही आवाजही येत नव्हता.

त्याच वेळी रस्त्यातल्या खड्ड्यात चाक आपटलं आणि गिअर सुटला.

इंजिनचा आवाज एकदम मऊ झाला. आतापर्यंत त्या दुसऱ्या गिअरनेच गाडीला मागे धरून ठेवलं होतं. आता तिला धरणारं कोणीच नव्हतं. ती हलकी होऊन धावायला लागली. वारा तोंडावर आदळू लागला. दीपिकाने क्लच दाबून गिअर ढकलला. दाते एकमेकांवर घासून किंचाळले, पण गिअर पडेना.

"ॲक्सिलेटर दाब," सर्वेश म्हणाला.

"काय?"

"इंजिन पळाक व्हया, तवाच गिअर पडतलो. दाब, दीपिका."

हे तिला माहीत होतं. सर्वेशनेच शिकवलं होतं, गॅरेजच्या अंगणात, सपाट जमिनीवर. पण समोर उतार होता, धुकं होतं आणि गाडी आधीच पळत होती. पाय ॲक्सिलेटरवर गेला आणि तिथेच थिजला. तो आपला पाय आहे असं तिला वाटेना. तिने डोळे मिटले, क्षणभरच, आणि दाबला. इंजिन गर्जलं. सर्वेशने डावा हात तिच्या हातावर ठेवून गिअरचा दांडा मागे ओढला. खट् आवाज झाला आणि गाडी कोणीतरी मागून पकडल्यासारखी दचकली.

वेग कमी होऊ लागला. पण पुढे धुक्यात दोन पिवळे दिवे दिसले. एसटी चढत होती, आणि वळणावर ती रस्त्याच्या मधोमध आली होती.

आता डोंगर डाव्या हाताला होता. डोंगराच्या पायथ्याशी गटार आणि त्याला लागून काळा ओला कातळ. दीपिकाने सर्वेशकडे पाहिलं. त्यालाही तेच दिसत होतं. त्याने ओठ हलवले, पण शब्द आला नाही.

"माझ्याकडे सरका," ती म्हणाली.

तो सरकला. तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

पुढचं चाक गटारात पडलं. दिवा फुटला. मग गाडीची सगळी डावी बाजू कातळावर घासत गेली. पत्रा फाटण्याचा तो आवाज दीपिकाच्या दातांतून गेला. दाराचं हँडल उडून मागे पडलं. सर्वेशचं डोकं तिच्या खांद्यावर आदळलं. आणि गाडी थांबली. एसटी शेजारून निघून गेली, खिडक्यांतली माणसं वाकून बघत होती.

दीपिकाने स्टिअरिंग सोडलं नाही. बोटं उघडत नव्हती.

"आई," सर्वेश ओरडला.

मागची सीट रिकामी होती. तेवढ्यात दोन सीटच्या मधल्या जागेतून यशोदाचा हात वर आला. ती खाली बसली होती, पाय दुमडून, पुढच्या सीटचा पाया दोन्ही हातांनी धरून.

"मी हय आसंय," ती म्हणाली. "माका वर काढा."

सर्वेशने तिला बाहेर काढून कठड्यावर बसवलं. मग तो गाडीकडे गेला. डावी बाजू पुढून मागेपर्यंत फाटली होती, रंगाच्या जागी उघडा पत्रा. त्याने त्यावरून हात फिरवला नाही. वळून तो दीपिकाजवळ आला आणि तिची बोटं एकेक करून स्टिअरिंगवरून सोडवली.

"माका कळत होता, डोंगरार घालूक व्हयी," तो म्हणाला. "पण तोंडातून शब्द येय ना."

दीपिका दारातून बाहेर वाकली. तिला उलटी झाली.

मागून साखरेचा ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरने सर्वेशच्या गाडीच्या चाकांना दगड लावले आणि सर्वेश गाडीजवळ थांबला. दीपिका आणि यशोदा पुढच्या एसटीत बसल्या. घाट अजून बराच उतरायचा होता. प्रत्येक वळणावर दीपिकाचा उजवा पाय बसच्या तळाशी दाबला जात होता.

"तुमी कवा खाली बसलात?" तिने विचारलं.

"तू ब्रेक लागना नाय म्हटलस, तवाच."

"ऐकलात तुमी?"

"ऐकलय गो. पण तेव्हा तोंड उघडला असता, तर तुझो हात थरथरलो असतो." यशोदाने तिचा पाय आपल्या हाताने धरला. "आता ह्यो पाय सोड. बस दुसरो माणूस चालवता."

दीपिकाने पाय सोडायचा प्रयत्न केला. सावंतवाडीच्या स्टँडवर उतरेपर्यंत तो सुटला नाही, आणि उतरल्यावर तिला उभं राहता येईना. यशोदा तिला बाकावर बसवून शेजारी बसली. कसालची गाडी लागली. त्यांनी ती जाऊ दिली, तिच्या पुढचीही. अंधार पडायच्या सुमारास दीपिका उठली आणि म्हणाली, "चला, आता जातलंव." बसमध्ये चढताना तिने सासूचा हात धरला होता.