सहाव्या आठवड्याचं रक्त

बाबांनी मला तोंडघशी पाडलं असं मी ज्या दुपारी ठरवून टाकलं, तेव्हा माझ्या हातात भोंग्याच्या रक्ताचा रिपोर्ट होता. भोंग्या म्हणजे आमचा कुत्रा. अंगाने एवढासा, पण आवाज कारखान्याच्या भोंग्याएवढा. दोन वर्षं त्याच्या अंगाची आग होत होती. पोट आणि काखा लालभडक, खाजवून खाजवून रक्त काढायचा. सगळे उपाय करून झाले. मी जनावरांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये काम करते. तिथे नव्या इंजेक्शनची चाचणी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातापाया पडून मी त्याला त्यात घुसवलं. अट एकच होती, दुसरं कुठलंही औषध त्याच्या पोटात जाता कामा नये. त्या कागदावर सही माझी होती.

दर पंधरा दिवसांनी त्याचं रक्त मीच काढायची आणि मशीनला मीच लावायची. इंजेक्शनमुळे प्रतिकारशक्तीतल्या कुठल्या पेशी शांत होतात, ते त्यातून कळणार होतं. चौथ्या आठवड्यात भोंग्याची कातडी स्वच्छ झाली आणि मी दवाखानाभर मिरवून घेतलं. सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"ॲलर्जीत उसळणाऱ्या पेशी शून्य. लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, निम्म्यावर. हे आपल्या इंजेक्शनचं काम नाही. याला घरी कुणीतरी स्टेरॉइड देतंय."

"शक्यच नाही, मॅडम."

"पाणी किती पितो?"

महिनाभर सकाळ-संध्याकाळ मी त्याने मुतून ठेवलेली फरशी पुसत होते आणि त्याला शिव्या घालत होते. पोटही सुटलं होतं. ते बाबांच्या लाडाने सुटलंय असं मी समजत होते.

"चाचणीतून तो आजच बाद," बाई म्हणाल्या. "पण देताय काय आणि किती, ते शोधून काढ. असंच चालू राहिलं तर साध्या जखमेने जाईल. एकदम थांबवलं तरी जाईल."

घरी गेले ती चप्पल न काढताच.

"कुठली गोळी देता त्याला?"

बाबा खुर्चीत बसले होते, भोंग्या पायाशी. "मी? कसली गोळी?"

"माझ्याशी खोटं बोलू नका. घरात तुम्ही आणि मी, दोघंच. मी देत नाही."

"तुझी शपथ, काही दिलं नाही."

शपथ ऐकून माझं डोकंच फिरलं. मी त्यांची पेटी उपसली, गादी उलटी केली, सदऱ्यांचे खिसे चाचपले. काही मिळालं नाही, त्याने आणखीच भडकले आणि जे बोलू नये ते बोलून गेले. "आईलासुद्धा असंच चोरून गोड भरवायचात. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. तेव्हाही नाही म्हणायचात."

बाबांनी उठून गादी सरळ केली. दोन दिवस ताट घेऊन आतल्या खोलीत जेवले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दारातून पाहिलं. बाबा हाताला मलम चोळत होते. जन्मभर गवंडीकाम केलेले, सिमेंटने खाऊन टाकलेले हात. मलम लावून त्यांनी हात मांडीवर ठेवले. भोंग्याने एकेक बोट चाटायला घेतलं. अंगठा झाला, बोटांच्या बेचक्या झाल्या, तळहात झाला. अगदी मन लावून. हे मी रोज बघत होते. किती जीव लावतो, असं म्हणत होते!

ट्यूब उचलून वाचली. स्टेरॉइड, तेही जबरदस्त. बाबांचे हात बरे होत नाहीत म्हणून त्यांच्या डॉक्टरने दीड महिन्यापूर्वीच बदलून दिली होती. बरे कसे होणार? औषध कुत्रा खात होता. "मलम लागूच पडत नाही गं," असं बाबांनी मला चारदा सांगितलं होतं आणि चारदा मी मोबाइलमधून मान वर केली नव्हती. रक्तातल्या पेशी मोजून पगार घेणारी मी! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डॉक्टरबाईंनी भोंग्याला मोजून गोळी सुरू केली आणि आठवड्यागणिक कमी करत नेली. तो वाचला. बाबांना मी दवाखान्यातले हातमोजे आणून दिले. महिन्याभरात त्यांचे हात बरे झाले, आणि भोंग्याची खाज परत आली.

"बाबा, चुकलं माझं," मी एका संध्याकाळी म्हणाले.

ते मोजे चढवत होते. "तुझ्या मशीनला थेंबभर रक्तात सगळं दिसतं," ते म्हणाले. "मी खरं बोलत होतो. चाळीस वर्षं माझं तोंड बघतेस, त्यात नाही दिसलं?"

त्यांनी हात खाली सोडला. भोंग्या आला, रबराचा वास घेतला आणि खाजवत खाजवत माझ्याकडे येऊन बसला.